कॉलोनायझरच्या पैशाने ड्रेनेज लाइन : ना-हरकत द्यायची का?

जास्वंद
सोमवार, रात्री ९.४०

आमची कॉलनी इंदूरला, राजेंद्रनगरच्या पुढे, राऊच्या अंगाला. चारशेच्या आसपास घरं, निम्म्याहून जास्त मराठी. इथे लिहिणारे बरेच जण तिथलेच आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

कॉलनीच्या वर, जिथे परवापरवापर्यंत सोयाबीन निघाला की गहू पेरला जायचा, तिथे ६४० फ्लॅटची टाउनशिप उभी राहतेय. तिच्या कॉलोनायझरचं, म्हणजे बिल्डरचं, रहवासी संघाला पत्र आलंय. टाउनशिपच्या फाटकापासून निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, मोठ्या लाइनपर्यंत ड्रेनेज लाइन तो स्वखर्चाने टाकणार. लाइन आपल्या मधल्या रस्त्याने जाईल. रस्ता पुन्हा सिमेंटचा करून देईल, बागेची पडकी भिंतही बांधून देईल. आपण ना-हरकत द्यायची. पत्रात आणखी एक ओळ आहे, ती मला खटकली : काम अडू नये म्हणून 'तूर्तास' बागेजवळच्या आपल्या चेंबरला जोड द्यावी, स्वतंत्र लाइन पुढच्या टप्प्यात होईल.

परवाच्या बैठकीत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, घरी चालून आलंय तर घ्या, खालच्या गल्लीतल्या ३८ घरांचं सेप्टिक टँकचं दुखणं एकदाचं जाईल. बाकीचे म्हणाले, बिल्डरचा पैसा घेतला की उद्या तक्रार करायला तोंड राहणार नाही. मी समितीवर आहे, मला हात वर करावाच लागणार. आणि पत्राबरोबर आलेला नकाशा समितीतल्या एकालाही वाचता आला नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे.


तिसरा मजला
सोमवार, रात्री १०.०५

'तूर्तास' या एका शब्दासाठी पत्र परत करा. आम्ही आधी जिथे राहायचो तिथे तूर्तास दिलेली जोड अकरा वर्षं तशीच होती. आम्ही घर विकलं तेव्हाही होती.


खालची गल्ली
सोमवार, रात्री ११.२०

त्या ३८ घरांपैकी एक माझं.

आमच्या गल्लीचा उतार नाल्याकडे, बाकी कॉलनीच्या उलटा. कॉलनी झाली तेव्हा मधल्या रस्त्याच्या लाइनला आमची घरं लागलीच नाहीत. प्रत्येकाने अंगणात टाकी बांधली, शेजारी शोषखड्डा खणला. माती काळी. वैशाखात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात तीच माती फुगून अशी बंद होते की थेंब मुरत नाही. जुलै-ऑगस्टात संडासाच्या भांड्यात पाणी वर चढतं. बायको कमोडचं झाकण लावते, त्यावर पाट ठेवते आणि पाटावर भरलेली बादली. रात्रीतून दोनदा उठून बघावं लागतं.

टाकी उपसून घ्या, असं सगळे सांगतात. पावसाळ्यात उपसलेली टाकी चार दिवसांत भरते, कारण बाहेरचंच पाणी आत झिरपतं.

गेल्या श्रावणात माझ्या ८४ वर्षांच्या आईला पाच दिवस सकाळ-संध्याकाळ वरच्या गल्लीत ओळखीच्या घरी नेत होतो, छत्री धरून. तिने तक्रार केली नाही. जेवण कमी केलं. पाणीही घोटभरच प्यायला लागली, का ते मला तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

पैसा कोणाचा हे विचारण्याच्या अवस्थेत आम्ही नाही. लाइन हवी.


काळी माती
मंगळवार, सकाळी ७.५०

दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. तरीही माझं मत नकाराकडे आहे, आणि ते का ते सांगतो.

त्या टाउनशिपच्या मागे आमच्या चुलत्यांची नऊ बिघे जमीन आहे. मागच्या दिवाळीपासून दलाल दर आठवड्याला चकरा मारतायत. ते सांगतात, 'ड्रेनेज आली की भाव दुप्पट.' म्हणजे ही लाइन ६४० फ्लॅटवर थांबणार नाही. जिथे लाइन जाते तिथे वस्ती जाते. मागची शेतं, त्यामागची शेतं, सगळं त्या एका पाइपला लागणार आणि त्या पाइपचा उतार आपल्या दारावरून शहराकडे. पाणी राऊकडून उत्तरेला वाहतं, ते काही बदलता येत नाही.

दुसरं, शहराची लाइन कुठून कशी जावी हे शहराने ठरवायचं असतं. ज्याच्या खिशात पैसा तो रेघ ओढणार असेल तर जिथे गरज आहे पण विकायला फ्लॅट नाहीत, तिथे लाइन कधी जाणार? खालची गल्ली इतकी वर्षं तशीच राहिली ती यामुळेच. आणि पैसा उभा राहत नाही असं कोणी म्हणू नये. याच इंदूरने २०२३ मध्ये नर्मदेचं पाणी उपसणाऱ्या जलूदच्या पंपांना वीज देणाऱ्या ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले आणि ते विकले गेले. पाणी आणण्यासाठी जमतं तर पाणी नेण्यासाठीही जमवता येईल.


उतार
मंगळवार, दुपारी ३.१५

माझी ३१ वर्षं पाणीपुरवठ्याच्या आणि ड्रेनेजच्या कामांत गेली, बरीचशी माळव्यातच. जास्वंदताईंनी नकाशाचा फोटो पाठवला, तो मोठा करून पाहिला.

आधी ना-हरकतीबद्दल. आपले रस्ते निगमाकडे हस्तांतरित झालेले आहेत. रस्ता खणायची आणि लाइन जोडायची परवानगी निगम देतं, रहवासी संघाचा कागद कायद्याने परवानगी होत नाही. तरी तो मागतोय, कारण जेसीबीसमोर चारशे घरं उभी राहिली तर काम थांबतं. आपल्या शब्दाला आज वजन आहे. खड्डा बुजला की ते संपेल. जे मागायचं ते आत्ता मागायचं.

आता 'तूर्तास'च्या जोडीचा हिशेब. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये येतं असं मानतात, म्हणजे १०८ लिटर. ६४० फ्लॅट, घरटी पाच माणसं, ३,२०० माणसं. दिवसाला सुमारे साडेतीन लाख लिटर. पण माणसं दिवसभर सारखी नळ सोडत नाहीत, सकाळी सगळी एकदम उठतात. म्हणून सरासरीच्या तिप्पट धरून लाइन आखायची. टाउनशिपचे झाले सेकंदाला १२ लिटर. लाइनवर असलेल्या आपल्या घरांचे त्याच पद्धतीने सात. बेरीज १९. मधल्या रस्त्याखालची आपली लाइन नऊ इंची, चिनी मातीच्या पाइपांची. २५० मीटरला एक मीटर उतार असेल तर ती सेकंदाला जवळपास ३० लिटर नेते. कागदावर बसतं. कॉलोनायझरचा इंजिनिअर हाच हिशेब दाखवेल आणि तो खोटा नसेल. पावसात मात्र हा हिशेब मोडतो, त्यावर वेगळं लिहितो, कारण तिथे दोष आपलाच आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. नकाशावर प्रत्येक चेंबरशेजारी दोन आकडे लिहिलेत. एक जमिनीची पातळी, दुसरा पाइपच्या आतल्या तळाची, तिला इन्व्हर्ट म्हणतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की पाइप किती खोल ते कळतं. खालच्या गल्लीच्या तोंडाशी ही वजाबाकी येते दीड मीटर. गल्ली मधल्या रस्त्याहून खाली आहे आणि मैला चढ चढत नाही. दीड मीटरवरच्या पाइपला ती ३८ घरं लागतील का, याची मला दाट शंका आहे. मग रस्ता खणला जाईल, सिमेंट होईल, भिंतही होईल, आणि ज्यांच्या नावाने आपण हो म्हटलं त्यांच्या पाटावरची बादली तिथेच राहील.

कॉलोनायझरला त्याच्या फाटकापुरता पाइप हवा. तो त्याने तेवढाच आखला, यात त्याची लबाडी मी शोधत नाही. खालच्या गल्लीचा आणि मागच्या शेतांचा विचार त्या पाइपमध्ये यावा असं वाटत असेल तर तो आपण आणायचा. म्हणून पैसा कोणाचा यावर दोन बैठका घालवण्यापेक्षा दोन आकडे धरून बसा : खोली आणि व्यास. बागेची भिंत आपण वर्गणी काढून बांधू.


रामबागकर
मंगळवार, सायंकाळी ६.३०

थोडं अवांतर, पण उतारकाकांच्या प्रतिसादावरून आठवलं. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस यांना शहराचा आराखडा करायला बोलावलं होतं. त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. प्लेगचे दिवस. त्यांनी दिवाळीत सफाईची मिरवणूक काढली होती, तिच्यात प्लेगच्या उंदराची मूर्ती फिरवली होती. मिरवणुकीची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यांची कामाची रीत जास्त मोलाची वाटते : आधी गल्लीबोळ पायी फिरायचे, घरं, विहिरी, नाल्या डोळ्यांनी बघायच्या, मग कागदावर रेघ. आपल्याकडे आलेल्या नकाशाच्या माणसाने खालच्या गल्लीत पाय ठेवला होता का, हे कोणी सांगू शकेल?

आणि काळी माती यांच्या शेवटच्या वाक्यावर. आपण पितो नर्मदेचं पाणी. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा घाट चढवून ते आणलंय. १९७० मध्ये त्यासाठी शहर रस्त्यावर उतरलं होतं, १९७८ मध्ये पाणी पोचलं. वापरून झाल्यावर तेच पाणी कान्हमध्ये जातं. कान्ह क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आपण वळवून गंगेच्या खोऱ्यात सोडतो. उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ आहे आणि कान्हचं पाणी क्षिप्रेत पडू नये म्हणून बंद नळातून ते वळवायचं काम चाललंय. आपल्या मधल्या रस्त्यावरचं चेंबर त्याच साखळीतली एक कडी आहे. म्हणून हा प्रश्न चारशे घरांचा आहे असं मला वाटत नाही.


नवे घर
मंगळवार, रात्री ९.१०

भीत भीत लिहितोय. त्या टाउनशिपमध्ये मी फ्लॅट घेतलाय. सुदामानगरात सोळा वर्षं भाड्याने काढली. कर्ज २० वर्षांचं. पुढच्या दसऱ्याला ताबा.

धाग्यावर 'ते ६४० फ्लॅट' असं वाचलं की वाईट वाटतं. त्यातला एक माझा आहे, माझे सासरे आहेत, दोन मुली आहेत. आम्हाला दाखवलेल्या नकाशात 'ड्रेनेज व्यवस्था' एवढे दोनच शब्द होते. ती तुमच्या रस्त्यावरून जाणार हे मला या धाग्यावरून कळलं. तुमची चेंबरं आमच्यामुळे उफाळू नयेत असं मलाही वाटतं. माझ्याकडून काही कागद हवा असेल तर सांगा, मी ग्राहक म्हणून मागू शकतो.


काळी माती
मंगळवार, रात्री ९.५५

नवे घर, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या शब्दांनी दुखावला असाल तर माफ करा.

एक कागद नक्की मागा. २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. ६४० फ्लॅट म्हणजे ती लागलेलीच असणार. त्या मंजुरीत मैलापाण्याचं काय करायचं हे अटी म्हणून लिहिलेलं असतं. अशा ठिकाणी बहुतेक वेळा आवारातच शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी, बांधायचा असतो आणि ते पाणी फ्लशला, झाडांना वापरायचं असतं. तसं असेल तर आपल्या लाइनला उरलेलं थोडंसं पाणी यायला हवं, साडेतीन लाख लिटर नाही. तो एसटीपी बांधून वीजबिलापायी बंद ठेवायचा बेत असेल तर तेही आत्ताच कळायला हवं.


औषधवाली
बुधवार, सकाळी ८.२०

माझं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे पावसाळा कॉलनीत कधी उतरला ते मला ओआरएसच्या पाकिटांवरून कळतं.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. पाणी नसताना पाण्याचा पाइप रिकामा असतो. त्याला कुठे चीर असेल आणि बाजूला ड्रेनेज गळत असेल तर पाइप ते आत ओढून घेतो. वर घराघरांतून नळाला थेट मोटर लावलेली, ती आणखी ओढते. २०२५ च्या डिसेंबरात इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आणि माणसं दगावली. त्या आठवड्यात माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस नळाच्या पाण्याबद्दल विचारत होता.

नवी लाइन कोणीही टाको, नर्मदेच्या पाइपपासून ती किती दूर आणि किती खाली आहे, हे काम चालू असताना उभं राहून बघायला हवं. पाण्याचा पाइप वर, ड्रेनेज खाली, मध्ये अंतर. माती टाकल्यावर कोण बघणार? मी रोज सकाळी अकरापर्यंत मोकळी असते. माझी पाळी लावा.


तिसरा मजला
बुधवार, सकाळी ८.४०

माझीही. संध्याकाळी पाचनंतर.


उतार
बुधवार, दुपारी ४.००

पावसाबद्दल लिहायचं राहिलं होतं.

मी काल संध्याकाळी कॉलनीत फेरी मारली आणि गच्चीवरून उतरणारे पाइप मोजत गेलो. पाचव्या गल्लीपर्यंतच मोजले, पुढे अंधार झाला. १०० घरांच्या गच्च्यांचं पाणी सरळ ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेलं दिसलं. माझ्याही. घर बांधताना गवंड्याने केलं आणि मी, या कामात आयुष्य घालवलेला माणूस, तिकडे पाहिलं नाही. त्याची मला मनापासून लाज वाटली.

हजार चौरस फुटांची गच्ची, अशा १०० गच्च्या, आणि तासाला ३० मिलिमीटर पाऊस. माळव्यात असा पाऊस दर वर्षी पडतो. सेकंदाला ७७ लिटर होतात. लाइन नेणार ३०. राहिलेलं पाणी चेंबरचं झाकण उचलून रस्त्यावर येतं, आणि येताना मैला घेऊन येतं. टाउनशिपचा एक थेंब न जोडताही आपण दर पावसाळ्यात हे भोगतोय आणि लाइन जुनी झाली म्हणतोय.

तेव्हा जुन्या लाइनला जोड नको, हे मी ठामपणे म्हणतो. कॉलोनायझरकडे मात्र हे म्हणायला जाण्याआधी गच्च्यांचे पाइप चेंबरमधून काढायला हवेत, नाहीतर तो आपल्याच अंगणात बोट दाखवेल आणि ते बरोबर असेल. ते पाणी गाळणीतून बोरिंगला द्या. मार्च लागला की कोरडी पडणारी बोरिंगं आहेत आपली.

व्यासाचं सांगतो. नकाशात २०० मिलिमीटर आहे. ३०० केला तर त्याच उतारावर पाइप जवळजवळ तिप्पट पाणी नेतो. खणाई तीच, माणसं तीच, वाढते ती पाइपची किंमत. काळी माती म्हणतात तशी मागची शेतं येणारच असतील तर दहा वर्षांनी हाच रस्ता पुन्हा फोडायला लागू नये. अर्धे फ्लॅट भरेपर्यंत मोठ्या पाइपमधला वेग थोडा कमी पडेल, सेकंदाला ०.६ मीटर हवा तो मिळणार नाही, गाळ बसेल. तेवढा काळ दर महिन्याला पाणी सोडून लाइन धुवावी लागेल. ते त्याने लिहून द्यावं.


नवे घर
बुधवार, रात्री १०.३०

मंजुरीची प्रत मागितली आहे, लेखी. आणखी एक सापडलं. रेरा कायद्यात कामातला दोष ताब्यानंतर पाच वर्षांत निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत आपल्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. पण तो हक्क आम्हा फ्लॅट घेणाऱ्यांचा. तुमच्या रस्त्याखालची लाइन खचली तर तुम्ही त्या कलमात येत नाही. तुम्हाला वेगळा करार करावा लागेल, निगमाला त्यात धरून.


उतार
बुधवार, रात्री १०.५०

अगदी नेमकं पकडलंत. कॉलनी विकासाच्या नियमांत २५ टक्के प्लॉट निगमाकडे बंधक ठेवावे लागतात, काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळेपर्यंत. आपली लाइन त्या कामांच्या यादीत लिहून घ्यावी अशी मागणी निगमाकडे करू. यादीत नसलेलं काम म्हणजे मेहरबानी, आणि मेहरबानीची दुरुस्ती कोणाला मागता येत नाही.


जास्वंद
गुरुवार, रात्री ८.१५

आज जे झालं ते इथे लिहिते, लाइनच्या चर्चेशी त्याचा संबंध आहे.

बागेजवळचं चेंबर चोक झालं. कोणीतरी परस्पर एका माणसाला बोलावलं. मी पोचले तेव्हा तो कमरेला दोर बांधून पाय आत सोडून बसला होता, बावीस-तेविसाचा असेल. हातात बांबूची चीप, पायात काही नाही. मी त्याचा दंड धरला. तो म्हणाला, 'ताई, पाच मिनिटांचं काम आहे.' आत वायू असेल तर पाच मिनिटंही लागत नाहीत. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं उतरवायला बंदी आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली, त्या आकड्याला एखाद्या आईने काय करायचं? मशीन मागवलं. दोन तास लागले. तोवर बागेसमोरच्या घरांनी पाणी वापरलं नाही, एकानेही कुरकुर केली नाही.

चेंबरमधून निघालं काय? गच्चीवरून वाहून आलेली वाळू, पाला आणि बांधकामाचं सिमेंट. उतारकाका, तुमचं बरोबर होतं.

अटींच्या मसुद्यात मी एक अट घातली आहे : नव्या लाइनच्या चेंबरांमधलं अंतर ३० मीटरच्या वर नको, म्हणजे मशीनचा पाइप दोन्हीकडून पोचेल आणि कोणाला आत जावं लागणार नाही.


खालची गल्ली
शुक्रवार, सकाळी ७.००

रविवारी मोजायचं ठरलंय ना? आमच्या गल्लीतून सहा जण येतील. चहा माझ्याकडे.


उतार
रविवार, दुपारी २.४५

मोजलं. माझं जुनं डम्पी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, चालतं अजून. पट्टी धरायला आठवी-नववीतली पोरं होती, त्यांनी एकही वाचन चुकू दिलं नाही. मोठ्या रस्त्यावरचं निगमाचं चेंबर त्यांच्या माणसांनी उघडून दिलं, आम्ही वरूनच बांबू सोडला.

खालच्या गल्लीचं शेवटचं टोक मधल्या रस्त्याहून ९० सेंटिमीटर खाली आहे. तिथे पाइप निदान ६० सेंटिमीटर मातीखाली हवा. गल्ली १४० मीटर लांब, घरं कमी असल्याने पाणी कमी, म्हणून उतार १०० ला १ ठेवायला हवा, त्याचे १.४ मीटर. बेरीज २.९ मीटर. नकाशात आहे १.५. म्हणजे त्या नकाशाप्रमाणे लाइन पडली असती तर खालची गल्ली कायमची बाहेर राहिली असती, कारण एकदा सिमेंटखाली गेलेला पाइप कोणी खाली सरकवत नाही.

आता २.९ ला सुरू केलं तर पुढे जमतं का, हाच खरा धसका होता. तिथून निगमाचं चेंबर ६०० मीटर. २५० ला १ ने लाइन २.४ मीटर उतरते, रस्ताही १.८ मीटर उतरतो. शेवटी खोली येते ३.५. निगमाच्या चेंबरचा तळ आम्हाला ३.८ वर लागला. ३० सेंटिमीटर शिल्लक राहतात. पंप नको, वीज नको, सगळं उताराने जातं.

हे वाचून दाखवलं तेव्हा खालच्या गल्लीतले सगळे गप्प होते. मग कोणीतरी पुन्हा विचारलं, 'म्हणजे जमतं?' जमतं.


काळी माती
रविवार, दुपारी ३.३०

एक अडचण आधीच सांगतो. चुलत्यांची विहीर खणली तेव्हा सहा-सात फुटांवर माती-मुरूम संपून काळा दगड लागला होता. २.९ मीटर म्हणजे साडेनऊ फूट. तीन फूट दगड फोडावा लागेल, पोकलेनला ब्रेकर लावून. दीड मीटरचा आकडा त्याने तिथेच थांबवला तो यामुळेच असणार. खर्च इथेच आहे, आणि तो याच मुद्द्यावर अडेल.

माझं मत मात्र बदललंय. २.९ आणि ३०० या दोन आकड्यांवर लाइन होणार असेल तर मी हात वर करेन. त्याखाली नाही.


जास्वंद
पुढचा सोमवार, रात्री १०.१०

बैठक झाली. जुन्या चेंबरला जोड नाही, हे एकमताने. कॉलोनायझरचा इंजिनिअर आला होता. ३०० चा पाइप त्याने तिथेच मान्य केला. खोलीवर अडला, दगडाचंच कारण दिलं. मोजणीचे कागद पुढे ठेवल्यावर त्याने ते दोनदा वाचले, पोरांनी लिहिलेली वाचनं बोट ठेवून तपासली आणि म्हणाला, चुकीचं नाही हे. त्याने दहा दिवस मागितलेत. तोवर ना-हरकत दिलेली नाही. अटी लेखी गेल्या आहेत, एक प्रत निगमाला, एक पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना. नवे घर यांना मिळालेल्या मंजुरीत एसटीपी आहे, तो चालू झाल्याशिवाय जोड नको, हेही त्यात आहे.

बागेची भिंत आपण अटींतून काढली.

गच्च्यांच्या पाइपांसाठी आतापर्यंत ४१ घरांनी नावं दिली. आमच्या घराचा मी आज काढून घेतला, बोरिंगकडे वळवायला प्लंबर उद्या येतोय. उरलेल्या घरांसाठी रविवारी सकाळी आठला पाचव्या गल्लीपासून सुरुवात करू. करवत आणि पाना आमच्याकडे आहे. उंच शिडी कोणाकडे असेल तर शनिवारीच आणून ठेवा.